टिलर की चाक? शिडाची छोटी बोट वळवायला शिकताना

‘पक्षाचं सुकाणू अमुकांच्या हाती’ असल्या बातम्या वाचत आपण मोठे झालो. त्यामुळे सुकाणू म्हटलं की डोळ्यांसमोर लाकडी आऱ्यांचं गोल चाक येतं. व्यंगचित्रकारांनीही तेच चाक काढून काढून पक्कं केलंय. खरं तर सुकाणू म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला पाण्यात बुडालेली उभी फळी. शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आलाय, त्याचाही अर्थ हाच. चाक ही ती फळी फिरवायची एक युक्ती. त्याहून जुनी आणि साधी युक्ती म्हणजे फळीच्या माथ्यात बसवलेला दांडा. त्याला टिलर म्हणतात.

ऑक्टोबर ते मे या हंगामात मी शनिवार-रविवारी मुंबई बंदरात नवख्या मंडळींना शिडाच्या बोटीवर नेतो. (पावसाळ्याचे चार महिने बोटी किनाऱ्यावर असतात.) जेट्टीवर दर वेळी कुणीतरी विचारतंच, “चाकवाली बोट नाही का? गाडी चालवता येते मला.” गाडी येते म्हणूनच मी त्यांना आधी टिलरवर बसवतो. चाकावर ते पाच मिनिटांत बोट वळवू लागतील, पण बोट काय म्हणतेय ते त्यांना महिनाभर कळणार नाही. टिलरवर पहिली दहा मिनिटं फजितीची जातात. त्यानंतर मात्र बोट आणि हात यांच्यात काही आडवं येत नाही.

आधी पाण्याखालचं बघा

सुकाणूला काम करायला वाहतं पाणी लागतं. बोट उभी असेल तर टिलर कितीही हलवा, काही होत नाही. नवखा माणूस वारा पडल्यावर घाबरून टिलर झाडूसारखा फिरवत बसतो. बोट त्याने थोडीफार ढकलली जाते, पण ते वळवणं नव्हे. आधी वेग, मग वळण, हा क्रम डोक्यात पक्का करा.

गाडी पुढच्या चाकांनी वळते, बोट शेपटीने. सुकाणू मागचं टोक बाजूला ढकलतं आणि बोट साधारण आपल्या मध्याभोवती फिरते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे जातं तेव्हा मागचं टोक डावीकडे फेकलं जातं. जेट्टीला डावी बाजू लावून उभ्या असलेल्या बोटीने सुटताच उजवीकडे झपकन वळण घेतलं, तर मागचा कोपरा जेट्टीवर घासलाच म्हणून समजा. म्हणून आधी बोट थोडी बाजूला ढकलून जागा करायची, मग वळायचं.

आणखी एक गोष्ट. वळवलेलं सुकाणू थोडा ब्रेकही लावतं. थोडं वळवलं तर ब्रेक थोडा, जास्त वळवलं तर जास्त. साधारण ३५ अंशांच्या पलीकडे पाण्याचा प्रवाह फळीला धरून राहत नाही, सुटतो. मग वळण मंदावतं आणि नुसता ब्रेक उरतो. बोट ऐकत नाही म्हणून टिलर अजून ढकलणं हा उपाय नाही, तेच बोट न ऐकण्याचं कारण असतं.

टिलर उलटा का वाटतो

टिलर डावीकडे नेला की बोट उजवीकडे जाते. सी-सॉसारखं आहे हे: मध्ये खुंटी, खुंटीच्या पुढे तुमच्या हातातला दांडा, मागे पाण्यातली फळी. दांडा एकीकडे गेला की फळी दुसरीकडे, आणि नाळ फळीच्या बाजूला वळते. कोकणात ज्याने मागे मशीन लावलेली होडी हँडल धरून चालवलीय, त्याला हे शिकवावं लागत नाही. तिथेही अगदी हेच होतं.

मला मात्र शिकवावं लागलं. माझे गुरू नौदलातून निवृत्त झालेले, रत्नागिरीकडचे. पहिल्याच दिवशी समोर मासेमारीच्या जाळ्याचे तरंगते गोळे दिसले. ते म्हणाले, “डावीकडे घ्या.” मी टिलर डावीकडे ओढला आणि बोट थेट जाळ्यावर घातली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “साहेब, टिलर डावीकडे गेला. बोट कुठे गेली ते बघा.” त्या दिवसानंतर त्यांनी मला डावं-उजवं कधी सांगितलं नाही. ‘शिडाकडे’ आणि ‘स्वतःकडे’ हे दोनच शब्द वापरले. मीही आता तेच वापरतो.

या गोंधळात फक्त नवखेच सापडत नाहीत, हे ऐकून बरं वाटेल. जहाजांवर चाकं आल्यानंतरही कितीतरी वर्षं हुकूम टिलरच्याच भाषेत दिले जात. १९१२ मध्ये टायटॅनिकसमोर हिमनग आला तेव्हा हुकूम सुटला तो ‘हार्ड अ स्टारबोर्ड’, शब्दशः उजवीकडे. पण अपेक्षा जहाज डावीकडे वळायची होती आणि ते डावीकडेच वळलं. कारण हुकूम टिलरसाठी होता, जहाजासाठी नव्हता. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत १९३३ मध्ये बदलली. तेव्हापासून हुकुमातली दिशा आणि जहाजाची दिशा एक झाली.

टिलरवरचा पहिला दिवस

लाइफ जॅकेट घाला, मग पुढचं.

१. बसायचं कुठे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कडेवर, तोंड शिडाकडे करून बसा. मागच्या हातात टिलर, पुढच्या हातात शिडाची दोरी. या दोरीला सगळे शीट म्हणतात. शीट म्हणजे कापड नव्हे, एवढं लक्षात ठेवा. टिलरच्या टोकाला बहुतेक छोट्या बोटींवर एक फिरती काठी जोडलेली असते. तिला एक्स्टेन्शन म्हणतात. कडेवर बाहेर झुकून बसलात तरी टिलर हातात राहावा म्हणून ती. पहिल्या दिवशीच तिची सवय करा, नंतर करू म्हटलं की राहून जातं.

२. दोनच हालचाली. टिलर शिडाकडे ढकलला की नाळ वाऱ्याकडे वळते. टिलर स्वतःकडे ओढला की नाळ वाऱ्यापासून दूर जाते. बोटीच्या कुठल्याही बाजूला बसा, हा नियम बदलत नाही. डाव्या-उजव्यापेक्षा तो सोपा वाटतो तो म्हणूनच.

३. सरळ रेषा. दूरची एक न हलणारी खूण निवडा. आमच्याकडे मी घारापुरीच्या दोन टेकड्यांमधली खाच दाखवतो. तिच्याकडे जाताना वारा साधारण बाजूने किंवा थोडा मागून घ्यायला मिळतो आणि नवख्याला तेच सोपं. नाळ त्या खाचेवर ठेवायची. पहिल्यांदा बोट नागमोडी जाईल. मागे वळून पाण्यावर उमटलेली रेघ बघा, तुमचा हात किती वळवळतोय ते तिथे लिहिलेलं असतं. टिलर पेन्सिलीसारखा धरा. मूठ आवळली की दंड ताठ होतो, दंड ताठला की हालचाली मोठ्या होतात.

४. सोडून बघा. वारा हलका असताना, आजूबाजूला बोटी नसताना, टिलर हातातून सोडा. नीट जुळवलेली बोट आपणहून हळूहळू वाऱ्याकडे वळेल, शीड फडफडेल, बोट थांबेल. घाबरलात तर हेच करायचंय: टिलर सोडा, शीट सोडा. पहिल्या तासातच मी हे प्रत्येकाकडून करवून घेतो. त्यानंतर माणसाचे खांदे खाली येतात.

५. टॅक. नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं. आधी “तयार?” असं मोठ्याने विचारा आणि उत्तर ऐका. मग टिलर शिडाकडे सावकाश, पण न थांबता ढकला. बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, डोक्यावरून जाते तेव्हा वाका आणि पलीकडच्या कडेवर जा. जाताना टिलर जुन्याच हातात, पाठीमागे राहू द्या. नव्या जागी बसल्यावर, बोट नव्या दिशेला स्थिरावली की टिलर मध्यावर आणा आणि मगच पाठीमागे हात बदला. इथली सगळ्यांची चूक एकच: नव्या बाजूला पोचायच्या घाईत टिलर मध्येच सरळ होतो, आणि बोट नाळ वाऱ्यात अडकवून उभी राहते. आमच्यात याला ‘इस्त्रीत अडकला’ म्हणतात. का, कुणाला ठाऊक!

६. जाइब. मागचं टोक वाऱ्यातून नेणं. इथे बूम सावकाश जात नाही, झेपावते. म्हणून पहिल्या काही दिवसांत हे हलक्या वाऱ्यातच करा. टिलर स्वतःकडे ओढताना शीट थोडी आत घ्या म्हणजे बूमला धावायला जागा उरणार नाही, आणि बूम पलीकडे गेल्याबरोबर शीट ढिली सोडा. मुंबईत दुपारी वायव्येकडून वारा जोर धरतो. सकाळी जमलेली जाइब दुपारी अंगावर येते, त्यामुळे वेळ बघून सराव करा.

बोटांना लागणारी ओढ

टिलरवर तासभर बसलात की तुम्हाला जाणवेल की तो तुमचा हात हलकेच शिडाकडे ओढतोय. बोटीला नाळ वाऱ्याकडे न्यायची असते, तुम्ही तिला अडवता, त्यातून ही ओढ तयार होते. तिला वेदर हेल्म म्हणतात. थोडी ओढ हवीच. तीन-चार अंश टिलर स्वतःकडे धरून बोट सरळ जात असेल तर सगळं ठीक आहे.

वारा वाढला, बोट कलली की ओढ वाढते. नवखा दोन्ही हातांनी टिलर छातीशी धरून बसतो आणि हेच शिडाच्या बोटीचं शौर्य आहे असं समजतो. पण टिलरकडे नुसतं बघा: पंधरा-वीस अंश वळलाय. म्हणजे सुकाणू पाण्यात आडवं उभं राहून ब्रेक लावतंय. उपाय टिलरमध्ये नाही, शिडात आहे. शीट थोडी ढिली करा, कडेवर अजून बाहेर झुका, बोट सपाट करा. ओढ आपोआप दोन बोटांत मावेल एवढी होते.

हे सगळं टिलर दोन वाटांनी सांगतो. हाताला जोर लागतो, डोळ्यांना कोन दिसतो. चाकावर कोन दिसत नाही, आणि जोर मधल्या तारांत, कप्प्यांत बराचसा विरतो. हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर जवळजवळ काहीच हाताशी येत नाही. म्हणून चाकावर शिकलेली माणसं कितीतरी दिवस ब्रेक लावून बोट हाकत असतात, आणि त्यांना वाटतं वाराच कमी आहे.

मग चाक कशाला?

बोट मोठी झाली की सुकाणूवरचा जोर माणसाच्या दंडाला झेपत नाही. टिलर लांब करून तो झेपवता येतो, पण मग तो बसायच्या सगळ्या जागेतून झाडूसारखा फिरतो. चाक दातेरी चक्रावरची साखळी आणि तारा वापरून तोच जोर थोड्या जागेत मिळवून देतं. तारा कप्प्यांवरून जाऊन सुकाणूच्या खुंटीवर बसवलेल्या पाव चकतीसारख्या तुकड्याला ओढतात. त्या तुकड्याला क्वाड्रंट म्हणतात.

साधारण २५ फुटांपर्यंत टिलरच जास्त दिसतो, ३५ च्या पुढे चाक, आणि मधल्या पट्ट्यात बांधणाऱ्याची आवड. पोरांची ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची, ऑलिंपिकमधली लेझर ४.२३ मीटरची, जे-२४ नावाप्रमाणे २४ फुटी, सगळ्यांवर टिलर. पण हा नियम दगडावरची रेघ नव्हे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला, ३१२ दिवसांत. त्याची ‘सुहेली’ ३२ फुटी होती, सागवानी होती, आणि बांधली गेली होती आपल्या मुंबईत. तिच्यावर टिलर होता. वाटेत वाऱ्यावर चालणारी तिची स्वयंचलित यंत्रणा मोडली, तेव्हा शिडंच अशी जुळवून घेतली की बोट बराच वेळ आपणहून सरळ जाई. वर चौथ्या पायरीत तुम्ही टिलर सोडून बघितलात ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

उलट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ५६ फुटी. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये याच बोटीने एकट्याने, न थांबता फिरून आले. एवढ्या आकाराला सहसा चाकच लागतं.

चाकावर जाताना

बोट नांगरावर असतानाच चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा. मग बरोबर मध्यावर आणा, म्हणजे सुकाणू सरळ, आणि वर आलेल्या आऱ्यावर सुतळीची गाठ किंवा रंगीत टेप आहे का बघा. नसेल तर लावा. चाकावर सुकाणूचा कोन सांगणारी हीच एक खूण असते आणि भाड्याच्या बोटींवर ती हटकून गळून पडलेली असते. चाकाच्या मध्याजवळ एक ब्रेकची कळही असते. सुटायच्या आधी ती मोकळी केलीय ना, हे दोनदा बघा. चाक जड लागतंय म्हणून यंत्रणेला शिव्या घालणारे मी पाहिलेत.

चाकामागे मधोमध, बसच्या ड्रायव्हरसारखे उभे राहू नका. तिथून शीड दिसत नाही. टिलरवर बसत होतात तसंच वाऱ्याच्या बाजूला सरका आणि एका हाताने चाकाची कड धरा. शर्यतीच्या रुंद बोटींवर दोन चाकं असतात ती याचसाठी, दोन्ही कडांवरून चालवता यावं म्हणून.

आता दिशा गाडीसारखी: चाक उजवीकडे, बोट उजवीकडे. अडचण वेगळीच आहे. गाडी लगेच वळते, बोट क्षणभर थांबून वळते आणि मग वळतच राहते. म्हणून थोडं फिरवा, थांबा, बोट वळू लागली की हव्या दिशेच्या थोडं आधीच चाक परत आणा. पुन्हा मागची रेघ बघा. टिलरवर सरळ रेघ काढायला शिकलेला माणूस इथे तासाभरात जमवतो.

इंजिनवर मागे जाताना मात्र दोन्हींत सांभाळा. पाणी उलट्या बाजूने येऊन फळी एकदम एका टोकाला फेकतं. टिलर असेल तर तो कुशीत बसतो, किंवा तुम्हाला कडेवर दाबून धरतो. चाक असेल तर मनगट पिरगाळतं. वेग कमी, पकड घट्ट, चाकाच्या आऱ्यांमधून हात घालायचा नाही.

स्वतःची बोट घेताना

पंचवीस फुटांखालची बोट कुणी चाक लावून विकत असेल, तर ते चाक तुमच्या सोयीसाठी आहे की बघणाऱ्यावर छाप पाडायला, हे आधी ठरवा. छोट्या बोटीवर चाक म्हणजे जास्त वजन, जास्त सुटे भाग, जास्त खर्च आणि कमी जाणीव. नांगरावर जेवायला बसलात की टिलर वर उचलून बाजूला होतो. चाक मात्र ताटाच्या मध्ये उभंच. हे झालं माझं मत. दुसरी बाजूही खरी आहे: चालत्या बोटीवर पाहुण्यांच्या गुडघ्यांना टिलर लागतो, आणि पाठीचं दुखणं असलेल्याला दिवसभर एका कुशीवर वळून बसणं जमत नाही. लांबचा प्रवास करणार असाल तर टिलरला जोडायचं छोटं स्वयंचलित यंत्र चाकाच्या यंत्रापेक्षा सहसा स्वस्त पडतं, खुंटीत अडकवलं की झालं.

देखभालीत तर तुलनाच नाही. छोट्या बोटीचं सुकाणू बोटीच्या मागच्या भिंतीला बिजागरीसारख्या कड्या-खुंट्यांवर लटकलेलं असतं. कड्या ढिल्या झाल्यात का, बोट उलटली तर सुकाणू निसटू नये म्हणून असलेली पट्टी जागेवर बसतेय का, टिलरच्या लाकडाला बोल्टजवळ चीर गेलीय का, एवढं बघा. वर्षातून एकदा वॉर्निश. चाकाच्या बोटीत मात्र खाली आडवं पडून, टॉर्च घेऊन, तारांवर कापड फिरवा (उघडा हात नको). कापड अडकलं तिथे तारेचा एक पदर तुटलाय, तार बदला. कप्पे, साखळी, क्वाड्रंटचे बोल्ट, सगळं बघायचं.

मोठमोठ्या मोहिमांनाही यातून सुटका नाही. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन जगप्रदक्षिणेला निघालेल्या ‘तारिणी’च्या ठरलेल्या थांब्यांत मॉरिशस नव्हतं. २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिला दुरुस्तीसाठी पोर्ट लुईला जावं लागलं.

म्हणूनच चाकाच्या बोटीवर एक आणीबाणीचा टिलर ठेवलेला असतो. तारा तुटल्या तर मागच्या बाजूला डेकवरचं एक गोल झाकण उघडायचं, सुकाणूच्या खुंटीच्या माथ्यावर हा लोखंडी दांडा बसवायचा, आणि पुन्हा ‘शिडाकडे, स्वतःकडे’. बोट भाड्याने घेतलीत तर निघण्याआधी तो मागा आणि बसवून बघा. काही बोटींवर तो चाकाला अडतो, काहींवर तोंड मागे करून उभं राहावं लागतं; हे जेट्टीवर कळलेलं बरं. मी एकदा मागितला तेव्हा तो मिळाला जुन्या दोरखंडांच्या खाली, पण झाकण गंजून बसलेलं आणि ते उघडायची चावी बोटीवर नव्हतीच. तेल घालून, पाना मारून ते उघडेपर्यंत भरती गेली, आणि आम्ही त्या दिवशी निघालो नाही.